सहा भाज्यांचं व्रत

आपल्या पंचांगातल्या श्रावण वद्य षष्ठीला छत्तीसगडमध्ये कमरछठ असते. मुलांच्या आयुष्यासाठी आया हा उपास धरतात. नांगरानं पिकवलेलं काही त्या दिवशी खायचं नाही, नांगरलेल्या जमिनीवर पाऊलही टाकायचं नाही, असा दंडक आहे. गाईचं दूध-दही वर्ज्य, म्हशीचं चालतं. दात घासायला मोहाची काडी, जेवायला मोहाच्या पानांची पत्रावळ. भात शिजवायचा तो पसहर तांदळाचा, म्हणजे तळ्याकाठी आणि पाणथळीत आपोआप उगवणाऱ्या तांबूस रानभाताचा. आपल्याकडे ज्याला देवभात म्हणतात त्याच्याच जातकुळीतला. त्याच्याबरोबर सहा प्रकारच्या भाज्या हव्यात. कोणत्या सहा, हे सगळीकडे सारखं ठरलेलं नाही. ज्या गावात जे उगवतं ते तिथल्या बायकांना माहीत असतं आणि त्यातून सहा निवडल्या जातात. रायपूरसारख्या शहरात षष्ठीच्या आधीचे चार दिवस बाजारात पसहरचे छोटे ढीग आणि भाज्यांच्या मिसळ जुड्या दिसू लागतात, आणि कोणी न पेरलेल्या त्या तांदळाचा भाव उत्तम सुगंधी तांदळाच्याही वर जातो.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पंधरा दिवसांनी, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे ऋषिपंचमी येते आणि तिथेही बैलाच्या श्रमाचं खायचं नाही हाच नियम असतो. अशा व्रतांकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक म्हणते, पूर्वजांनी धर्माच्या आवरणाखाली आरोग्यशास्त्रच सांगून ठेवलंय. दुसरी म्हणते, ही नुसती रूढी, तिच्यात शोधण्यासारखं काही नाही. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. माझं म्हणणं असं की वनस्पतींचा स्वयंपाकातला, औषधातला आणि पूजेतला वापर हे तीन वेगळे कप्पे कधी नव्हतेच. स्वयंपाकामुळे वनस्पती दरवर्षी हातात येते आणि तिची ओळख पक्की राहते. औषधामुळे तिचं प्रमाण आणि तिचा धोका ध्यानात राहतो. पूजेमुळे तिला तिथी मिळते, आणि ज्याला तिथी आहे ते सहसा विसरलं जात नाही. तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून होत्या तोवर वनस्पती आणि तिच्याविषयीचं ज्ञान दोन्ही टिकलं. आज ‘हर्बल’ या शब्दाखाली जो व्यवहार चालतो त्यात तिघींपैकी एकच वेगळी काढून घेतली जाते, आणि मग तीही फार काळ धड राहत नाही. रायपूर हे तपासून पाहण्याची चांगली जागा आहे, कारण नोव्हेंबर २०००मध्ये स्थापन झालेल्या या राज्यानं पुढच्याच वर्षी स्वतःला ‘हर्बल राज्य’ म्हणवून घेतलं आणि त्याची राजधानी हीच आहे.

छत्तीसगडमध्ये छत्तीस भाज्या, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. आकडा नावाशी जुळवून घेतलेला आहे, प्रत्यक्षात पालेभाज्या त्याहून जास्त निघतील. त्यातल्या कितीतरी आपल्याला वेगळ्या नावांनी माहीत आहेत. तिथली अमारी म्हणजे आपली अंबाडी, मुनगा म्हणजे शेवगा, बोहार म्हणजे भोकर, कोचई म्हणजे अळू, बथुआ म्हणजे चाकवत. करमत्ता ही पाण्यावर पसरणारी नाळीची भाजी. चेच भाजी तागाच्या कुळातली. सुनसुनिया ही चार पाकळ्यांच्या पानाची भाजी पाणथळीत उगवते आणि चांगली झोप लागावी म्हणून खाल्ली जाते. तिवरा म्हणजे विदर्भातली लाखोळी. तिचे कोवळे शेंडे थंडीत खुडतात आणि वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात. कोचईच्या पानांत उडदाची पिठी भरून उकडलेला इड़हर आपल्या अळूवडीच्या इतका जवळचा आहे की दोन्ही प्रांतांमधली सरहद्द स्वयंपाकघरात फारशी उरत नाही. या सगळ्या भाज्या रानातल्याच असतात असं नाही. काही परसात लावतात, काही धानाच्या बांधावर येतात, काही निव्वळ तण आहेत. पण पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात, घरातलं धान्य संपत आलेलं आणि नवं पीक लांब असताना, पोट आणि रक्त दोन्ही सांभाळण्याचं काम याच भाज्यांनी केलं.

चरोट्याचं उदाहरण जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे. आपण त्याला टाकळा म्हणतो. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीवर तो दाट उगवतो, इतका की शेतकरी त्याला तणच मानतो. फूल येण्याआधीची कोवळी पानं भाजीला खुडतात. कोकणातही आषाढ-श्रावणात हीच भाजी केली जाते. संस्कृत ग्रंथांत त्याचं नाव चक्रमर्द, आणि नायटा-गजकर्णावर त्याचं बी उगाळून लावायची पद्धत जुनी आहे. पानांत आणि बियांत अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं असतात, त्यातल्या क्रायसोफेनॉलसारख्या काहींचा बुरशीवर परिणाम होतो, त्यामुळे हा वापर निराधार म्हणता येत नाही. थंडीत शेंगा वाळल्या की गावातल्या बायका बी झोडून आठवडी बाजारात नेतात. ते बी पुढे दूरवर जातं. जपानात अशाच बिया भाजून त्यांचा चहा करतात, आणि बियांतला डिंकासारखा पदार्थ डबाबंद खाद्य घट्ट करायला वापरला जातो. एका तणाला भाजी, औषध आणि रोख पैसा असं तिहेरी मोल आहे, आणि ते मिळवण्यासाठी कोणाला जमीन खरेदी करावी लागत नाही. भूमिहीन घरासाठी ही बाब फार मोठी आहे.

आता याच चरोट्याच्या शेजारी उगवणारं दुसरं झुडूप पाहा. कासविंदा त्याचा जवळचा नातलग. चरोट्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, टोकं गोलसर आणि शेंग बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, जोड्या चार ते सहा, शेंग चपटी आणि पान चुरगाळलं की उग्र वास. कच्च्या शेंगांतल्या बिया मुलांनी खाल्ल्या तर यकृत, मेंदू आणि स्नायूंवर घाला पडतो. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या गूढ मृत्यूंचा माग काढत हे दाखवून दिलं. २०१६च्या शरद ऋतूत छत्तीसगडला लागून असलेल्या ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी मुलं मोठ्या संख्येनं दगावली, तेव्हा जपानी मेंदूज्वराबरोबरच या झुडपाचंही नाव पुढे आलं. वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ जेकब जॉन यांच्या पथकानं ते पुढे आणलं. दगावलेल्यांतली पुष्कळ मुलं कुपोषित होती, भुकेपोटी शेंगा खाणारी होती. दोन झुडपांमधला फरक ओळखणारी नजर वहीतून येत नाही, ती वर्षानुवर्षं भाजी खुडताना येते. आई किंवा आजी मुलीला शेजारी बसवून ‘हे घे, ते टाक’ म्हणते तेव्हा ती वनस्पतिशास्त्राचा धडाच देत असते. सहा भाज्यांचं व्रत हा धडा वर्षातून एकदा सक्तीचा करतं, व्रताचं मला दिसणारं मोल हे आहे. त्या भाज्यांनी मुलाचं आयुष्य वाढतं की नाही हे सिद्ध करायची गरजच नाही. विषारी झुडूप ओळखणारी आई घरात असणं मुलाच्या आयुष्याशी पुरेसं जोडलेलं आहे.

धोक्याचं ज्ञान परंपरेत कसं सांभाळलं जातं हे बिब्ब्यावरून कळतं. कमरछठीच्या आधी, आपल्या दिव्यांच्या अवसेला, छत्तीसगडमध्ये हरेली हा शेतकऱ्यांचा सण असतो. नांगर, कुदळ, फावडं धुऊन पुजतात, दाराला कडुनिंबाची डहाळी खोचतात आणि अनेक गावांत धानाच्या शेतात भेलव्याची फांदी रोवतात. भेलवा म्हणजे आपला बिब्बा. राऊत, म्हणजे गुराखी, आदल्या दिवशी रानातून दसमूळ कांदा आणि बनगोंदली आणतात, उकळतात आणि गावकऱ्यांना देतात; गुरांनाही कणकेच्या गोळ्यात मीठ आणि पाला घालून चारतात. बिब्ब्याच्या फळाचा रस कातडीला लागला तर फोड येतात, म्हणून त्याच्याशी खेळ करून चालत नाही. तरी त्याच फळातली गोडंबी आपण लाडवात घालतो, त्याच बिब्ब्याला लिंबू-मिरचीबरोबर ओवून दाराला टांगतो, धोबी त्याच्याच रसानं कपड्यांवर खुणा करत आले, आणि वैद्य त्याला औषधात घेण्याआधी विटेच्या भुकटीत घोळवून त्याचं तेल शोषून घेतात. विषारी, खाद्य, औषधी आणि पूज्य असे चारही गुण एकाच झाडाच्या नावावर जमा आहेत. भेलव्याच्या फांदीनं पिकावरची कीड खरंच हटते का, हा प्रश्न प्रयोगानं सोडवता येईल आणि सोडवावा. पण त्या फांदीमुळे गावातल्या प्रत्येक पोराला भेलवा कसा दिसतो आणि त्याला कसं हाताळायचं हे कळतं, एवढं तर नक्की.

तोडणीचे नियमही पूजेतच बांधलेले आहेत. बस्तरमध्ये आणि आपल्या गडचिरोलीत गोंड गावांमध्ये मरका पंडुम हा सण झाल्याशिवाय नवा आंबा तोडत नाहीत. जडीबुटी खणणारे जुने जाणते आदल्या संध्याकाळी झाडाला निमंत्रण देतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, हवं तेवढंच घेतात. यात श्रद्धा किती आणि व्यवहार किती याची फोड करण्यात अर्थ नाही, परिणाम सरळ आहे: बी पिकेपर्यंत झाड सुरक्षित राहतं. याच्या उलट काय होतं ते सफेद मुसळीनं दाखवलं. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, आणि त्यातलं बोरिव्हिलियानम मुंबईच्या बोरिवलीवरून आलेलं आहे. सह्याद्रीत तिच्या कुळातल्या रोपांची कोवळी पानं फोडशी किंवा कुलूची भाजी म्हणून पहिल्या पावसात खातात. पान खुडलं तरी खालचं मूळ शाबूत राहतं आणि पुढच्या वर्षी रोप पुन्हा वर येतं. बाजाराला मात्र फक्त मूळ हवं होतं, ताकद वाढवणारी पूड करायला. मग रानातली मुसळी बी धरण्याआधीच उपटली जाऊ लागली. २०००च्या सुमारास लागवडीची लाट आली. छत्तीसगडपासून महाराष्ट्रापर्यंत शेतकऱ्यांनी महागडं बेणं घेतलं, आणि माल तयार झाला तेव्हा भाव कोसळले. भाजी म्हणून जी वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली ती फक्त औषध म्हणून वीस-पंचवीस वर्षांत रानात विरळ झाली.

रायपूरच्या गोल बाजाराबद्दल म्हणतात की तिथे जन्मापासून मरणापर्यंत लागणारं सगळं मिळतं. जन्माच्या टोकाला तिथे कांकेची जडी मिळते. बाळाच्या छठीला छत्तीसगडी घरात कांके पानी उकळतं. सुंठ, पिंपळमूळ आणि इतर मुळांचा गुळातला हा काढा बाळंतीण तर पितेच, पण भेटायला आलेल्या बायकाही पितात. भोसल्यांच्या काळापासून या शहरात आलेल्या मराठी घरांचा, तात्यापारा आणि बुढापारा भागांतल्या वस्तीचा, बाळंतकाढा याच बाजारातल्या सुंठ-पिंपळीनं होत आला, आणि डिंक-आळिवाचे लाडूही. दोन्ही काढ्यांत बाळंतिणीची काळजी आहे, तिच्या जेवणाचा भाग आहे आणि षष्ठीपूजनाचा विधी आहे. या तिन्हींतून काढा वेगळा काढून बाटलीत भरला की त्याचं प्रमाण सांगायला बाटलीवरची चिठ्ठी तेवढी उरते. चार अनुभवी बायका समोर बसून ‘हिला उष्ण पडतंय, सुंठ कमी करा’ असं सांगत, ते चिठ्ठीला जमत नाही.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. परंपरेला इतकं कळत होतं तर लाखोळीनं माणसं पांगळी का झाली? तिवऱ्याच्या डाळीत ओडीएपी हे द्रव्य असतं. ती डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांच्या हालचालीचे मज्जातंतू निकामी होतात आणि आलेला पांगळेपणा परत फिरत नाही. इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सागर भागातल्या अशा साथीचं वर्णन केलंय. गव्हाची पिकं बुडाल्यावर लोकांनी तिवऱ्यावर दिवस काढले होते. पुढे रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच तिवऱ्यात दिली जाई, आणि पांगळेपणही त्यांच्याच घरांत जास्त. १९६१ साली देशात या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. याचं एक उत्तर असं की रोग जडला तो तिवरा हे अनेक अन्नांपैकी एक न राहता एकमेव अन्न झालं तेव्हा. त्यामागे दुष्काळ होता आणि जमीनदाराची बळजबरी होती. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. पुरेसं उत्तर परंपरेची मर्यादा मान्य केल्यावरच मिळतं. बिब्ब्यासारखं विष लगेच फोड आणतं, म्हणून ते ध्यानात राहिलं. तिवऱ्याचं विष महिन्यांनी दिसतं, माणसामाणसांत वेगवेगळं दिसतं, म्हणून अनुभवाच्या हाताला ते नीट लागलं नाही. तिथे प्रयोगशाळा लागते. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठानं कमी ओडीएपीचे ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ हे वाण दिले, ते याच जाणिवेतून. धान उभं असतानाच त्याच्या ओलीवर तिवरा फेकून घेण्याची उतेरा पद्धत छत्तीसगडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाण्याशिवाय दुसरं पीक देते; ती पद्धत टिकवून विष कमी करणं ही मला दोन्ही ज्ञानांची सर्वांत चांगली भेट वाटते.

गुळवेलीचंही हेच. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला, कोणी गोळ्या घेतल्या, कोणी चूर्ण, महिनोन्‌महिने. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२०च्या अखेरच्या महिन्यांत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले आणि २०२१ साली ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की दिसायला सारख्या दुसऱ्या वेलीशी गफलत झाली असावी. नंतर देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा आणखी रुग्णांची नोंद केली. वाद बाजूला ठेवला तरी दोन्ही बाजूंचं म्हणणं एकाच ठिकाणी येतं. वेल चुकीची ओळखली असेल तर ओळख करून देणारं माणूस मध्ये नव्हतं. वेल बरोबर असेल तर किती आणि किती दिवस हे सांगणारं कोणी नव्हतं. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य वैद्यकपरंपरेचं नाही, जाहिरातीचं आहे. आपल्याकडच्या कोणत्याही जाणत्या वैद्यानं पथ्य आणि मुदत सांगितल्याशिवाय काढा दिलेला नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेविषयी. हरेलीच्या याच अवसेला गावांत टोनहीची, म्हणजे चेटकिणीची, भीती असते. दाराची कडुनिंबाची डहाळी तिला रोखण्यासाठीही खोचली जाते. या भीतीपायी बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं, जीवही गेले, आणि छत्तीसगडला २००५ साली टोनही छळाविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. जडीबुटी जाणणारी एकटी बाई अशा संशयाला सर्वांत आधी बळी पडते, हे लक्षात घेतलं तर विषयाचं गांभीर्य कळतं: वनस्पतींचं ज्ञान जिच्याकडे आहे तिलाच त्या ज्ञानाची शिक्षा. म्हणून पूजेचं सगळंच्या सगळं जपा असं मी म्हणत नाही. ज्या विधीत वनस्पती ओळखली, जपली, वाटून खाल्ली जाते तो ठेवावा. ज्यात माणसाला दोषी ठरवलं जातं तो टाकावा. ही निवड अवघड नाही, कारण कमरछठीला सहा भाज्या खाण्यासाठी कोणाला चेटकीण ठरवावं लागत नाही.

तिसरा आक्षेप पोटाचा. रानातल्या माणसाला पैसा हवा, त्याला व्रतं आणि भाज्या सांगून काय उपयोग? हे म्हणणं मला मान्य आहे, आणि छत्तीसगडनं इथे काही चांगलं केलंय. राज्याच्या लघु वनोपज संघानं आधारभूत भावानं घ्यायच्या वनोपजांची यादी वाढवली. मोह, चिंच, चारोळी, हिरडा, बेहडा यांच्याबरोबर चरोट्याचं बी, गुळवेल, काळमेघ, धायटीची फुलंही त्यात आली. आसव-अरिष्टं आंबवायला धायटीची फुलं लागतातच, म्हणजे आपण महाराष्ट्रात पितो त्या द्राक्षासवाचीही मुळं अशा रानांत आहेत. ‘छत्तीसगढ हर्बल्स’ या नावानं बचतगटांचा माल विकला जातो. त्रुटी आहे ती मोजमापात. खरेदी क्विंटलात मोजली जाते, रानात काय उरलं ते मोजलं जात नाही. फूल, फळ, बी विकत घेतलं तर झाड टिकतं. मूळ आणि साल घेतली तर सहसा टिकत नाही. दोन्हींचा भाव ठरवताना हा फरक धरायला हवा. पान, फूल आणि बी यांना चढा भाव, मुळाला भाव फक्त लागवडीतल्या मालाचा, एवढा एक नियम झाला तरी मुसळीसारखी गत इतरांची होणार नाही.

आणि हे ज्ञान कोणाचं? अमेरिकेत १९९५ साली हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, आणि रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते १९९७ साली रद्द करवलं. आपण ही लढाई अभिमानानं सांगतो, पण ती जिंकली लिखित पुराव्यामुळे हे विसरतो. सुनसुनिया, कांके, बनगोंदली यांचं ज्ञान बहुतांशी पोथीत नाही. २०२३च्या दुरुस्तीनंतर तर जैवविविधता कायद्यात ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्याला लाभ वाटून देण्यातून सूट मिळाली, त्यामुळे बोली ज्ञान कोणाचं हे लिहून ठेवणं जास्तच निकडीचं झालंय. रायपूरनं याचा अनुभव तांदळात घेतलाय. तांदूळशास्त्रज्ञ आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात छत्तीसगडच्या गावागावांतून धानाचे हजारो वाण जमवले. कृषी विद्यापीठाच्या बीजसंग्रहात आज तेवीस हजारांहून अधिक वाण आहेत. त्यात सांधेदुखीवर खातात तो गठुवन आहे, बाळंतिणीला देतात तो महाराजी आहे, म्हणजे रोजचा भातही औषधाच्या यादीत आहे. २००२ साली हा संग्रह एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीबरोबरच्या करारात जाणार असं कळताच शेतकरी आणि नागरिक रस्त्यावर आले, आणि करार मागे पडला. रायपूरचे कृषिशास्त्रज्ञ पंकज अवधिया अनेक वर्षं गावोगावच्या वैद्यांकडून वनस्पतींच्या वापराच्या नोंदी घेत आलेत, तेही याच काळजीनं. मात्र संग्रहातलं बी थंड कपाटात जिवंत राहतं, पण ते कसं शिजवायचं आणि कोणाला द्यायचं हे त्या कपाटात राहत नाही.

रायपूर हे तळ्यांचं शहर. बुढा तालाब अजून आहे. रजबंधा तालाब बुजला आणि त्याच्या जागेला आता रजबंधा मैदान म्हणतात. अशी तळी बुजतात तेव्हा पाणी गेल्याची चर्चा होते. करमत्ता, सुनसुनिया आणि पसहर गेल्याची होत नाही, कारण त्यांची नोंदच कुठे नसते. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी ज्या लोकजैवविविधता नोंदवहीचा आग्रह धरला, तिच्यासाठी २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत समिती नेमायला सांगितलंय. पुष्कळ ठिकाणी ही वही एखाद्या संस्थेकडून घाईनं भरून घेतलेली असते आणि तिच्यात मोठी झाडं असतात, तण आणि पालेभाज्या नसतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली असो की रायपूर, तुमच्या पंचायतीत किंवा पालिकेत जाऊन ती वही मागा. तिच्यात पाणथळीतल्या भाज्यांची पानं उघडून पाहा. ती कोरी असतील, तर गावातल्या ज्या बायका आजही या भाज्या खुडतात त्यांना समितीत घ्या आणि त्यांच्या तोंडून, त्यांच्याच नावानिशी, ती भरून घ्या.